बंदुकीचा लिलाव आणि न विचारलेला प्रश्न

२०२२ च्या उन्हाळ्यात मुलीकडे, अमेरिकेच्या ओहायो राज्यातील एका लहानशा गावी, तीन महिने राहण्याचा योग आला. शेजारी पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत असत. वडिलांच्या पश्चात त्यांच्याकडे आलेली एक जुनी दुनळी शिकारी बंदूक त्यांना विकायची होती. इंटरनेटवरील एका लिलावाच्या संकेतस्थळावर त्यांनी तिची छायाचित्रे लावली, खालची किंमत ठरवली आणि सात दिवसांची मुदत दिली. बोली रोज थोडी थोडी चढत होती, आणि सायंकाळी कुंपणापाशी उभे राहून ते तिचा हिशोब मला सांगत.

मुदत संपली तेव्हा त्यांच्यापुढे दोन गिऱ्हाइके होती. लिलावातील सर्वांत वरची बोली शेजारच्या केंटकी राज्यातील एका माणसाची होती. दुसरे गिऱ्हाईक गावातच कुणाकडून तरी बंदुकीविषयी ऐकून थेट दाराशी आले होते. ते चाळीस डॉलर जास्त आणि तेही रोख द्यायला तयार होते. केंटकीच्या माणसाला बंदूक परस्पर पाठवता येत नव्हती. कायद्याप्रमाणे ती तिकडच्या एखाद्या परवानाधारक दुकानदाराकडे पाठवावयाची, त्याने घेणाऱ्याकडून सरकारी अर्ज भरून घ्यावयाचा, त्याच्या पूर्वेतिहासाची संगणकावर तपासणी करावयाची आणि मगच बंदूक त्याच्या हाती द्यावयाची. दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र यातले काहीच आवश्यक नव्हते. तो त्याच राज्याचा रहिवासी होता. पैसे घ्यावेत आणि बंदूक द्यावी, एवढाच व्यवहार. त्याचे नाव लिहून ठेवण्याचीही सक्ती नव्हती.

शेजाऱ्यांना रात्रभर झोप लागली नाही. हा मनुष्य कोण आहे, याला बंदूक द्यावी की नाही, हे त्यांना कुणाला तरी विचारायचे होते. पण पूर्वेतिहासाची तपासणी करणारी ती सरकारी यंत्रणा फक्त परवानाधारक दुकानदारांना खुली आहे. सामान्य नागरिकाला तिच्याकडे थेट विचारणा करता येत नाही. आपण दोघे मिळून गावातल्या दुकानदाराकडे जाऊ आणि त्याच्याकडून तपासणी करून घेऊ, असे त्यांनी सुचवले, तेव्हा त्या गृहस्थाने वेळ नसल्याचे सांगितले आणि तो पुन्हा आला नाही. तो अगदी सज्जन असेल, केवळ घाईत असेल. त्याविषयी मला काही म्हणावयाचे नाही. शेजाऱ्यांनी चाळीस डॉलर सोडले आणि बंदूक केंटकीला रवाना केली.

बंदूक एकच, विकणारा एकच आणि कायदाही एकाच देशाचा. असे असता एका वाटेवर घेणाऱ्याची चौकशी व्हावी आणि दुसऱ्या वाटेवर होऊ नये, हे कसे घडले? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची १९६३ साली ज्या रायफलीने हत्या झाली, ती शिकागोच्या एका दुकानातून टपालाने मागवलेली होती. मासिकातील जाहिरात पाहून, खोट्या नावाने, दुर्बिणीसह सुमारे वीस डॉलरला. पुढे १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी मारले गेले, तेव्हा कुठे त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये शस्त्रनियंत्रणाचा कायदा झाला आणि राज्याच्या सीमेपलीकडे टपालाने परस्पर बंदूक मागवण्याची वाट बंद झाली. शस्त्रांचा धंदा करणाऱ्याने परवाना घेतलाच पाहिजे, हे तत्त्वही त्या कायद्याने पक्के केले. परंतु धंदा करणारा कोण? १९८६ साली काँग्रेसने याचे उत्तर दिले ते शस्त्रधारकांच्या बाजूचे होते. ज्याचा मुख्य हेतू उपजीविका व नफा हा आहे तो धंदेवाला. अधूनमधून एखादी बंदूक विकणारा किंवा स्वतःचा संग्रह मोडीत काढणारा धंदेवाला नव्हे. १९९३ साली ब्रेडी यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि १९९८ पासून पूर्वेतिहासाची संगणकावरील तपासणी सुरू झाली. हे बंधन घालण्यात आले ते परवानाधारक दुकानदारावर. खासगी विक्रेता बाहेरच राहिला.

हे कायदे झाले तेव्हा खासगी विक्रेता म्हणजे आपल्या ओळखीच्या माणसाला, नातलगाला, फार तर शिकारीच्या सोबत्याला बंदूक विकणारा मनुष्य अशी कल्पना होती. घेणारा माहीतगार असे, त्याचे घरदार माहीत असे. गाव हीच एक प्रकारची तपासणी होती. इंटरनेटने ही कल्पना मुळासकट उखडली. १९९९ साली ईबे या मोठ्या लिलावगृहाने आपल्याकडे बंदुकांची विक्री बंद केली आणि त्याच वर्षी केवळ बंदुकांच्या लिलावासाठी गनब्रोकर हे संकेतस्थळ सुरू झाले. २००७ मध्ये क्रेग्जलिस्टने बंदुकांच्या जाहिराती बंद केल्या आणि त्यानंतर आर्म्सलिस्ट उभे राहिले. एका दाराला कडी लागली की दुसरे दार उघडते, हा बाजाराचा जुना नियम आहे. खासगी विक्रेत्याची बाजारपेठ आता गावापुरती राहिली नाही, सवलत मात्र गावाच्या हिशोबाची राहिली.

आता या प्रश्नाकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहू. लिलाव ही किंमत शोधून काढण्याची उत्तम पद्धत आहे, याबद्दल दुमत नाही. त्या वस्तूची सर्वांत जास्त किंमत कोण देतो, एवढेच लिलाव विचारतो आणि त्याचे उत्तर चोख देतो. वस्तू कुणाच्या हाती जात आहे, हा प्रश्न त्याच्या रचनेतच नाही. कांद्याच्या किंवा जुन्या घड्याळाच्या बाबतीत तो नसला तरी चालते. किंबहुना आमच्याकडे लासलगावच्या बाजार समितीत कांद्यावर बोली लावणाऱ्या व्यापाऱ्यालाही परवाना लागतो, कारण शेतकऱ्याचे पैसे बुडू नयेत, ही काळजी समाजाला वाटली. कांद्याच्या गिऱ्हाइकाला परवाना विचारणे ज्यांना अतिरेक वाटत नाही, त्यांनी बंदुकीच्या गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारणे अतिरेक का मानावा?

जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन माहितीच्या विषमतेचा सिद्धांत मांडला. विकणाऱ्याला मोटारीचे दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात, आणि त्यामुळे बाजार बिघडतो. बंदुकीच्या बाजारात ही विषमता उलट दिशेने काम करते. घेणाऱ्याला स्वतःचा इतिहास ठाऊक असतो, विकणाऱ्याला नसतो. मोटारीच्या गिऱ्हाइकाला दोष शोधण्यात निदान स्वतःचा स्वार्थ असतो. बंदूक विकणाऱ्याला घेणाऱ्याचा दोष शोधण्यात कवडीचाही लाभ नाही. उलट, अमेरिकेचा कायदा असे सांगतो की घेणारा अपात्र आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास सबळ कारण असताना, विक्री केली तरच खासगी विक्रेता दोषी ठरतो. म्हणजे जो विचारत नाही तो सुरक्षित, आणि जो विचारतो त्याच्यावर उत्तराची जबाबदारी! अज्ञानाला संरक्षण देणारा कायदा अज्ञानच वाढवणार, हे सांगायला अर्थशास्त्री कशाला हवा?

यापुढची गोष्ट पिगू यांनी १९२० सालीच सांगून ठेवली आहे. व्यवहार दोघांत होतो, पण त्याची किंमत कधीकधी तिसऱ्यालाच मोजावी लागते. बंदुकीच्या लिलावात हा तिसरा माणूस हजर नसतो. त्याला बोली लावता येत नाही, हरकत घेता येत नाही. आपल्यावर बोली लागली आहे हेच त्याला माहीत नसते.

हा तिसरा माणूस केवळ पुस्तकातला नव्हे. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये विस्कॉन्सिन राज्यात एका स्त्रीला न्यायालयाने तिच्या नवऱ्यापासून संरक्षणाचा आदेश दिला. त्या आदेशामुळे नवऱ्याला शस्त्र बाळगण्याची बंदी झाली. दुकानात गेला असता तर तपासणीत तो अडकला असता. तो दुकानात गेला नाही. आर्म्सलिस्टवरील एक खासगी जाहिरात पाहून त्याने दोन दिवसांत पिस्तूल मिळवले आणि दुसऱ्या दिवशी ब्रुकफील्ड येथे पत्नीच्या कामाच्या जागी जाऊन तिच्यासह तीन स्त्रियांना ठार केले. मुलीने त्या संकेतस्थळावर दावा लावला. पण इंटरनेटवरील मजकुराबद्दल संकेतस्थळाच्या चालकाला जबाबदार धरता येत नाही, या १९९६ च्या कायद्याच्या आधारे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो फेटाळला. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस टेक्सासमधील मिडलंड आणि ओडेसा या शहरांत एका माणसाने सात जणांचे प्राण घेतले. दुकानातून बंदूक घेण्याचा त्याचा प्रयत्न २०१४ मध्ये तपासणीत फसला होता. २०१६ मध्ये त्याने ती एका खासगी विक्रेत्याकडून मिळवली. हा विक्रेता स्वतःला खासगी म्हणवत असला, तरी परवान्याविना धंदाच करीत होता. त्याला शिक्षा झाली, पण २०२१ मध्ये. म्हणजे सात माणसे मेल्यावर.

लिलावाच्या दलालीचे अर्थकारणही समजून घेतले पाहिजे. बंदूक विकली गेली की संकेतस्थळाला विक्रीच्या किमतीवर शुल्क मिळते. मात्र जबाबदारीचा विषय निघाला की आपण केवळ सूचनाफलक आहोत, असे त्याचे म्हणणे असते. २०२१ मध्ये काडतुसे बनवणाऱ्या एका कंपनीने गनब्रोकर सुमारे २४ कोटी डॉलरला विकत घेतले. चार वर्षांनी, २०२५ मध्ये, त्याच कंपनीने आपला काडतुसांचा कारखाना ७.५ कोटी डॉलरला विकून टाकला आणि लिलावाचे संकेतस्थळ स्वतःकडे ठेवले. काडतुसे बनवण्यापेक्षा बाजाराचे भाडे वसूल करणे भांडवलाला अधिक किफायतशीर वाटले, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

हा बाजार कशावरही बोली लावू शकतो, हेही अमेरिकेने पाहिले आहे. ट्रेव्हॉन मार्टिन या १७ वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलाला २०१२ मध्ये फ्लोरिडात ज्या पिस्तुलाने मारण्यात आले, तेच पिस्तूल मारणाऱ्याने, न्यायालयातून निर्दोष सुटल्यानंतर, २०१६ च्या मे महिन्यात पाच हजार डॉलरच्या खालच्या बोलीवर लिलावाला काढले. पहिल्या संकेतस्थळाने जनक्षोभामुळे ती नोंद काढून टाकली. लगेच दुसरे पुढे आले. कायदा कुठेच आडवा आला नाही. एका मुलाच्या मृत्यूची बोली लावावी की नाही, हा निर्णय दुकानदाराच्या लाजेवर सोपवलेला होता.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण त्यात तथ्य नाही असे नाही. पहिला आक्षेप असा की इंटरनेटवरील बहुतेक विक्रेते कायदा पाळणारे आहेत. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ च्या अहवालात सांगितले की, त्यांच्या गुप्त प्रतिनिधींनी उघड इंटरनेटवर खासगी विक्रेत्यांकडून बंदूक घेण्याचे ७२ प्रयत्न केले. आपण अपात्र आहोत असे सूचित केले, किंवा परस्पर पाठवण्याची मागणी केली, आणि एकही प्रयत्न सफल झाला नाही. याउलट न्यूयॉर्क शहराच्या २०११ च्या पाहणीत, आपण तपासणीत उत्तीर्ण होणार नाही असे गिऱ्हाईक स्पष्ट सांगत असतानाही, १२५ पैकी ७७ विक्रेते विक्रीला तयार झाले. या दोन पाहण्यांतला विरोध माझ्या मते वरवरचा आहे. दोन्हींत गिऱ्हाइकाने आपली अपात्रता कोणत्या ना कोणत्या रीतीने दाखवून दिली होती. खरा अपात्र गिऱ्हाईक ती दाखवीत नाही. माझे शेजारी सज्जन होते, आणि तरीही दाराशी उभा असलेला मनुष्य कोण, हे जाणण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते. प्रश्न सज्जनपणाचा नाही, साधनाचा आहे.

दुसरा आक्षेप असा की गुन्हेगार काही लिलावातून शस्त्र घेत नाहीत. अमेरिकी न्यायखात्याने कैद्यांची २०१६ साली पाहणी केली, तीत शस्त्र बाळगणाऱ्या कैद्यांपैकी ४३ टक्क्यांनी ते रस्त्यावरील चोरट्या बाजारातून मिळवल्याचे सांगितले, हे खरे आहे. परंतु या चोरट्या बाजारात येणाऱ्या बंदुका काही आभाळातून पडत नाहीत. बहुतेक बंदूक प्रथम कायदेशीर कारखान्यात बनते आणि कायदेशीर दुकानात विकली जाते. उजेडातून अंधारात जाताना तिला कुठेतरी उंबरठा ओलांडावा लागतो, आणि चोरी सोडली तर तो उंबरठा बिनचौकशीच्या हस्तांतराचा असतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासानुसार, आधीच्या दोन वर्षांत बंदूक मिळवणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांनी ती तपासणीवाचून मिळवली होती. ज्या देशात नागरिकांच्या हाती सुमारे ३९ कोटी बंदुका आहेत, तेथे २२ टक्के म्हणजे लहानशी फट नव्हे. ते वेशीचे उघडे दार आहे.

तिसरा आक्षेप समाजवादी वाचकाच्या मनात येणारा आहे, आणि म्हणून मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. शस्त्रनियंत्रण हे राज्यकर्त्यांचे जुने हत्यार नाही काय? लॉर्ड लिटन यांच्या १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केले आणि युरोपियनांना मोकळे सोडले. कॅलिफोर्नियात १९६७ साली भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यावर बंदी आली, ती ब्लॅक पँथर पक्षाचे कृष्णवर्णीय तरुण शस्त्रे घेऊन पोलिसांवर नजर ठेवू लागले, त्यानंतर. हा इतिहास विसरता कामा नये. परंतु त्यातून निघणारा धडा कोणता? काहींना विचारावयाचे आणि काहींना सोडावयाचे, हा त्या कायद्यांचा अन्याय होता. दुकानात जाणाऱ्याला विचारावयाचे आणि दाराशी येणाऱ्याला सोडावयाचे, ही आजची व्यवस्थाही तत्त्वतः तशीच दुहेरी आहे. सर्वांना एकच प्रश्न, एकाच रीतीने आणि ठरलेल्या वेळेत विचारला जावा, ही समतेची मागणी आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेतील दुसऱ्या दुरुस्तीचाही हवाला दिला जातो. त्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा वैयक्तिक हक्क दिला आहे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवले. पण त्याच निकालात शस्त्रांच्या व्यापारी विक्रीवरील अटी सकृद्दर्शनी वैध मानल्या. तेव्हा अडथळा घटनेपेक्षा राजकारणाचा अधिक आहे. २०१२ च्या डिसेंबरमध्ये सँडी हूक येथील शाळेत २० बालके आणि ६ प्रौढ मारले गेल्यावर, इंटरनेटवरील आणि शस्त्रमेळ्यांतील विक्रीला तपासणी लागू करणारा उभयपक्षी प्रस्ताव सिनेटपुढे आला. २०१३ च्या एप्रिलमध्ये ५४ मते बाजूने आणि ४६ विरुद्ध पडली, आणि बहुमत असूनही ६० मतांअभावी तो पडला. मी ओहायोत होतो त्याच जून २०२२ मध्ये नवा कायदा होऊन धंद्याच्या व्याख्येतील उपजीविकेची अट गळली. प्रामुख्याने नफ्यासाठी विकणे पुरेसे ठरले. २०२४ मध्ये प्रशासनाने त्यावर व्यापक नियम केला. टेक्सासच्या न्यायालयाने काही राज्यांपुरता तो अडवला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी मागील प्रशासनाच्या शस्त्रविषयक नियमांच्या फेरतपासणीचा आदेश काढला.

या सर्व ओढाताणीत मूळ चूक तशीच राहते. विक्रेत्याला नफा हवा आहे की नाही, यावरून चौकशी ठरवली जाते. वडिलांची आठवण म्हणून ठेवलेली बंदूक विनालोभ विकली, म्हणून तिची गोळी मवाळ होत नाही. कायद्याने पाहावयाचे ते विकणाऱ्याच्या हेतूकडे नव्हे, तर घेणाऱ्याच्या हाताकडे. कॅलिफोर्निया, कोलोराडो, वॉशिंग्टन इत्यादी राज्यांनी खासगी विक्रीही परवानाधारकामार्फत करण्याचे बंधन घातले आहे, आणि तेथे शिकार बंद पडलेली नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्रकायद्यानुसार खासगी धारकाला परवान्याची बंदूक विकावयाची झाल्यास जिल्हा दंडाधिकाऱ्यास किंवा नजीकच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. आमच्याकडे गावठी कट्ट्यांचा बाजार फोफावला आहे आणि अंमलबजावणी ढिली आहे, हे मान्य. पण कायद्याने निदान योग्य प्रश्न योग्य ठिकाणी विचारला आहे.

अमेरिकेत २०२३ साली बंदुकीने सुमारे ४६,७०० माणसे मेली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. सार्वत्रिक तपासणीने हे सर्व मृत्यू टळतील, असा दावा कोणीही शहाणा मनुष्य करणार नाही. दुकानातून रीतसर घेतलेल्या बंदुकांनीही हत्याकांडे झाली आहेत. परंतु ज्याला न्यायालयाने शस्त्र नाकारले आहे, त्याला ते दाराशी मिळू नये, एवढी किमान अपेक्षा कोणत्याही सुसंस्कृत समाजाने ठेवावयास हवी. त्यासाठी प्रत्येक हस्तांतर परवानाधारकामार्फत व्हावे, त्याचा खर्च सरकारने सोसावा म्हणजे गरीब विक्रेत्याला तो जाच वाटणार नाही, आणि विक्रीवर शुल्क घेणाऱ्या संकेतस्थळाने तपासणीची नोंद झाल्याखेरीज व्यवहार पुरा करू नये. या तीन गोष्टी अशक्य कोटीतल्या नाहीत.

मी परत निघालो त्या सकाळी शेजाऱ्यांनी केंटकीहून आलेली पोच मला दाखवली. तिकडच्या दुकानदाराने तपासणी करून बंदूक घेणाऱ्याच्या स्वाधीन केल्याचे तिच्यात लिहिले होते. चाळीस डॉलर गेल्याचे त्यांना वाईट वाटत नव्हते. त्या चाळीस डॉलरांत त्यांनी एक प्रश्न विचारण्याचा हक्क विकत घेतला होता. एका निवृत्त कामगाराला जो प्रश्न पदरमोड करून विचारावासा वाटला, तो त्याच्या सरकारने फुकट आणि सर्वांसाठी विचारू नये, ही गोष्ट मला त्या देशाच्या सगळ्या वैभवापेक्षा अधिक काळ लक्षात राहील.